ओळखणाऱ्याचं नाव

पूर ओसरला तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा गेला होता.
एकशे बारा कागद,
प्रत्येकावर एकेक वाळवलेलं झाड,
सगळ्यांना आता एकच वास, विश्वामित्रीच्या गाळाचा.
अंजारियाबेन म्हणाल्या, विष्णुभाई, काही फेकू नका.
मी विष्णू नाही. विश्वासराव.
पण एकतीस वर्षांत दोघांनाही सवय झालीय.

दोऱ्या बांधल्या, पंखे लावले,
खाली छापी अंथरली
(बडोद्यात आम्ही वर्तमानपत्राला छापंच म्हणतो,
पुण्याची भाचेसून हसते).
एका कागदावरची शाई मात्र पार धुऊन गेली.
उरलं ते एवढंच: काठ,
आणि तारखेतला एक नऊ.

झाड होतं जागेवर. तपकिरी, चपटं,
दोऱ्याच्या चार टाक्यांनी धरलेलं.
मी देठावर हलकेच नख फिरवलं. कड लागली.
चौकोनी.
एवढं येतं मला. पोरांना शिकवताना
दाराशी उभं राहून ऐकलेलं:
देठ चौकोनी, पानं जोडीनं,
खालची जोडी पूर्व-पश्चिम तर वरची दक्षिणोत्तर,
फुलाला ओठ, म्हणजे तुळशीचं कुळ.
घराणं कळतं. माणूस कळत नाही.

ताजं मिळालं तर ताडून बघू, म्हणाल्या बेन.
मी बाजारात निघाल्यासारखा पिशवी घेऊन निघालो.

सायकल स्टँडच्या मागे गाळाला भेगा पडल्यात.
तिथे भेगेतूनच,
वीतभर.
शोधलं असं म्हणवत नाही, चप्पल त्याच्यावर पडता पडता राहिली.
पेरापेराला हिरवा गुच्छ, त्यातून पांढरी फुलं,
वरचा ओठ तान्ह्याच्या लोकरी कुंचीसारखा,
खालचा पुढे पसरलेला, कुणी येणार म्हणून
पाट मांडल्यासारखा.
आली एक माशी. पाटावर बसली,
कुंचीत डोकं खुपसलं,
डोक्याला केशरी लावून निघून गेली.
पान चुरगाळलं तर पुदिना नाही, तुळसही नाही,
उग्र, थोडं औषधाच्या बाटलीसारखं.

हा तर कुंभा.
फाटकाशी भाजी विकणारी जमकुबेन म्हणाली, कुबो.
श्रावणात भाजी करतात, कडू लागते, खावी.
तोंडात पाणी धरून कुंभा म्हणा,
कुबोच ऐकू येईल.

बेन म्हणाल्या, कुंभा आहेच हो, पण कुठला?
डोक्यावर मोठा गोंडा असतो तो निराळा.
दात मोजा.
फुलाखालच्या हिरव्या पेल्याला दात असतात,
हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
भिंग धरलं. नऊ.
पुन्हा. नऊ.
दुसऱ्या फुलात दहा, तिसऱ्यात आठ,
एक तुटला होता की मुळात नव्हताच?
माझे स्वतःचे एकोणीस उरलेत, तेही रोज मोजत नाही.
पेल्याचं तोंड मात्र प्रत्येकाचं तिरकं,
नाराज पाहुण्यासारखं.

मग बेननी सुईनं
कागदावरचा एक जुना पेला उघडला.
त्याचंही तोंड तिरकं.
तळाशी चार दाणे, काळे, एकमेकांना टेकून.
तीनच राहिले. एक टेबलावरून उडाला,
मी गुडघ्यावर बसून शोधला, नाही सापडला.

नवी चिठ्ठी घेतली. ठिकाण: काठ.
तारीख: कोरी.
गोळा करणारा: कोण जाणे,
कुणीतरी, जो त्या दिवशी वाकला होता.
नाव लिहिलं त्यांनी, लॅटिनमधलं, लांबलचक,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
ओळखणारे: इथे हात थांबला.
चष्मा वर करून म्हणाल्या,
तुमचं पूर्ण नाव काय हो?

मी सांगितलं. सावकाश. आडनावासकट.
खिशातला पेन पुढे केला.
नको, म्हणाल्या. पेन्सिल द्या.
पेन्सिल पुरात जात नाही.